स्नॅपआधीची हालचाल: मोशन चालतं, मग शिफ्टला फ्लॅग का?

डावा_स्लॉट:

मंडळी, एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) एका खेळीबद्दल विचारायचं आहे. दुसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला दुसरा), ८ यार्ड बाकी. क्वार्टरबॅक (पास देणारा) शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) त्याच्या उजव्या हाताला. उजवीकडचा स्लॉट रिसीव्हर (आतल्या बाजूचा पास घेणारा) मोशनमध्ये डावीकडे निघाला. तो अजून पळतोय तोवर रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूला सरकला आणि गप्प उभा राहिला. लगेच स्नॅप, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला. पिवळा रुमाल, म्हणजे फ्लॅग, पडला, पण शिट्टी नाही. १४ यार्डांचा पास पूर्ण झाला, मग पंचांनी तो रद्द करून ५ यार्ड मागे नेलं आणि दुसरा डाउन पुन्हा. कारण सांगितलं ‘इल्लीगल शिफ्ट’.

स्नॅपच्या क्षणी हलत होता तो एकटा स्लॉटवाला. बॅक तर थांबला होता. मग चूक कुठे झाली?

दुसरं असं की त्याच सामन्यात गार्डने (सेंटरच्या शेजारचा गडी) जमिनीवरचा हात जेमतेम दोन इंच उचलला तर खेळ जागच्या जागी थांबवला. एकदा खेळू देतात, एकदा देत नाहीत, हे कसं ठरतं? आणि पळणारा गडी स्नॅपला तिरका पुढे येतोय असं मला तर दर दोन खेळ्यांमागे वाटतं, तरी फ्लॅग नाही. पंच नेमकं काय बघतात? हायस्कूलच्या सामन्यांनाही हेच नियम असतात का, तेही सांगा.

पट्टेरी_शर्ट:

चूक दोघांची मिळून आहे. सुटासुटा बघितला तर एकही दोषी नाही, म्हणून गोंधळ होतो.

स्नॅपच्या क्षणी अकरापैकी दहा जण स्तब्ध हवेत. अकरावा हलू शकतो, पण तो रेषेवरचा, म्हणजे चेंडू ठेवलाय त्या आडव्या स्क्रिमेजच्या रेषेला लागून उभा असलेला नको, मागचा, म्हणजे बॅकफील्डमधला हवा. आणि त्याची दिशा स्क्रिमेजच्या रेषेला समांतर किंवा मागे असली पाहिजे, पुढे अजिबात नाही. हे झालं मोशन. दोन किंवा जास्त जण एकाच वेळी जागा बदलायला लागले की त्याला शिफ्ट म्हणतात, आणि शिफ्टची अट वेगळी आहे: शिफ्ट संपल्यावर अकराच्या अकरा जण एकत्र, एक पूर्ण सेकंद, हलता कामा नयेत. त्यानंतर एकाने मोशन घेतलं तर हरकत नाही.

तुमच्या खेळीत स्लॉटवाला पळत असतानाच बॅक हलला. त्या क्षणी मोशनचं शिफ्ट झालं. बॅक नंतर थांबला हे खरं, पण स्लॉटवाला थांबलाच नाही, म्हणजे तो ‘सगळे स्तब्ध’वाला सेकंद आलाच नाही. क्रम उलटा केला असता तर सगळं नियमात बसलं असतं: आधी बॅक सरकतो, सगळे सेकंदभर थांबतात, मग स्लॉटवाला निघतो. बहुतेक वेळा हा फ्लॅग बॅकमुळेच पडतो. क्वार्टरबॅकने ब्लिट्झ (बचावाचे जास्तीचे गडी धावून येणं) बघून त्याला ऐनवेळी बाजू बदलायला सांगितलेली असते आणि मोशन सुरू झालंय हे दोघांच्याही ध्यानात राहत नाही.

हा सेकंद आला कुठून, तर १९२० च्या दशकातून. नोत्र दामचे कोच न्यूट रॉकनी यांचा बॅकफील्ड शिफ्ट असा होता की चौघे बॅक उडी मारून नव्या जागी जायचे आणि त्या वेगातच खेळी सुरू व्हायची. बचाव करणाऱ्याला पाय रोवायलाच मिळायचे नाहीत. तो फायदा काढून घेण्यासाठी पूर्ण थांबण्याची अट घट्ट केली गेली. आजही पंच मनात ‘वन थाउजंड वन’ म्हणतात. पूर्ण म्हणून व्हायच्या आत चेंडू हलला तर फ्लॅग.

आता शिट्टीचं. स्नॅपच्या आधी अशी हालचाल झाली की समोरच्याला खेळ सुरू झाल्यासारखं वाटेल, तर तो फॉल्स स्टार्ट. तिथे खेळ सुरूच होऊ देत नाहीत, चेंडू ‘डेड’. त्या धक्क्याने बचावातला कुणी पुढे आला असता तर क्वार्टरबॅकला फुकटचा मार बसला असता, म्हणून ताबडतोब शिट्टी. इल्लीगल शिफ्ट, इल्लीगल मोशन आणि इल्लीगल फॉर्मेशन (चुकीची मांडणी) हे गुन्हे मात्र स्नॅपच्या क्षणी पुरे होतात. तोवर ऑफेन्सला (चेंडू असलेल्या संघाला) दुरुस्तीची संधी असते: दोघे चुकून एकदम हलले तरी सगळे पुन्हा सेकंदभर थांबले की काही झालंच नाही. म्हणून पंच रुमाल टाकतो आणि खेळ चालू ठेवतो.

चारही गुन्ह्यांना ५ यार्डच, पण हिशेब वेगळा लागतो. तिसरा डाउन, ७ बाकी असताना फॉल्स स्टार्ट झाला तर तिसरा आणि १२, दुसरा पर्यायच नाही असं समजा. त्याच जागी इल्लीगल मोशन झालं आणि खेळीत ३ यार्डच मिळाले, तर बचाव पेनल्टी नाकारतो, चौथा आणि ४ होतो आणि ऑफेन्सला पंट करावा (लाथेने चेंडू दूर मारून द्यावा) लागतो. २० यार्ड मिळाले असतील तर पेनल्टी घेऊन तिसरा आणि १२. इंटरसेप्शन झालं असेल (बचावाने पास पकडला असेल) तर अर्थातच नाकारतात.

हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ चालू असताना फॉल्स स्टार्ट झाला तर ५ यार्डांखेरीज घड्याळातून १० सेकंद कापायची मुभा बचावाला मिळते. ऑफेन्सकडे टाइमआउट शिल्लक असेल तर तो देऊन ते सेकंद वाचवता येतात. ९ सेकंद उरलेत, टाइमआउट नाही आणि टॅकल (गार्डच्या बाहेरचा गडी) दचकला, तर हाफ तिथेच संपतो.

आवाज बंद करून बघत असाल तर रेफ्रीच्या हातांवरून ओळखा. छातीपुढे दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की फॉल्स स्टार्ट किंवा इल्लीगल फॉर्मेशन, दोघांची खूण एकच. एक हात आडवा बाहेर नेला तर इल्लीगल मोशन. दोन्ही हात आडवे बाहेर नेले तर इल्लीगल शिफ्ट.

तीन_बोटं:

गार्डच्या हाताबद्दल लिहितो, कारण ‘दोन इंच उचलला तर काय बिघडलं’ हा प्रश्न सगळेच विचारतात.

खो-खोत खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. इथे ‘खो’ म्हणजे स्नॅप, आणि उठायचंच काय, उठल्यासारखं दाखवायचंही नाही. मात्र सगळ्यांना सारखा नियम नाही. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल हे आतले पाच जण जास्त बांधलेले असतात. यांच्यापैकी एकाने हात जमिनीला टेकवला, किंवा टेकवल्यासारखा जवळ नेला, की तो हात स्नॅपपर्यंत तिथेच. उचलायचा नाही, सरकवायचा नाही, बोट दाखवायलाही नाही. हळू उचलला म्हणून सूट मिळत नाही. कॉलेजमध्ये हात गुडघ्याखाली आला की जमिनीजवळ आला असं धरतात.

हात टेकवायच्या आधी मात्र हेच पाच जण बरंच काही करू शकतात. गुडघ्यांवर हात ठेवून उभा असलेला टॅकल मान वळवून बघू शकतो, लाइनबॅकरकडे (बचावाच्या पुढच्या रेषेमागचा गडी) बोट दाखवू शकतो, सावकाश वाकून तीन टेकूंच्या पवित्र्यात जाऊ शकतो. म्हणून पास देणाऱ्या संघांचे टॅकल बहुतेक उभेच असतात. एक तर मागे सरकायला सोपं, आणि वर हाताची बेडी नाही. टॉम लँड्री यांच्या काळातल्या डॅलस काउबॉइजची ओळ एकदम उभी राहून पुन्हा खाली बसायची, ते बघितलं असेल. ते चालायचं कारण उभं राहताना त्यांचे हात अजून जमिनीवर गेलेले नसायचे, आणि बसल्यावर सेकंद मोजला जायचा.

बाकीच्यांना, म्हणजे बॅक, रिसीव्हर आणि टोकाच्या टाइट एंडला (टॅकलशेजारचा, पासही घेणारा गडी), जागा बदलायची मुभा आहे. त्यांच्यासाठी कसोटी ‘झटका’ ही. रिसीव्हरने पाय मागेपुढे बदलला तर ठीक. खांदे पुढे फेकून थांबला तर फॉल्स स्टार्ट. टाइट एंडने हात टेकवलेला असला तरी तो उठून दुसरीकडे जाऊ शकतो, पण उठताना उसळायचं नाही.

क्वार्टरबॅकची हार्ड काउंट, म्हणजे मध्येच जोरात ‘हट’ ओरडून समोरच्याला फसवणं, आवाजापुरती कायदेशीर आहे. त्याच वेळी मान किंवा खांदे झटकले तर नाही. सेंटरनेही चेंडू एकदा हलवला की थांबायचं नाही, एका दमात मागे जायला हवा.

मैदानावर गोंगाट असला की सायलेंट काउंट वापरतात. फॉल्स स्टार्ट सगळ्यात जास्त तिथे होतात. पद्धत अशी: गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, खूण मिळाली की सेंटरला हाताने टिचकी मारतो, सेंटर मान वर करतो आणि ठरलेल्या अंतराने स्नॅप करतो. टॅकल चेंडूकडे बघत नाही, तो सेंटरच्या मानेवरून मोजतो. आता तीन खेळ्या एकच अंतर ठेवलं की समोरचा एज रशरही (टोकावरून क्वार्टरबॅकवर धावणारा) तेच मोजायला लागतो. म्हणून चौथ्या खेळीला अंतर वाढवतात, आणि नेमका स्वतःचाच टॅकल जुन्या तालावर सुटतो. चूक टॅकलच्या नावावर लागते, पण बरेचदा बिघाड हडलमध्ये (खेळीआधीच्या घोळक्यात) झालेला असतो: ‘या वेळी दोनवर’ हे टोकापर्यंत ऐकू गेलेलं नसतं.

बचावातला गडी झेप घेऊन न्यूट्रल झोनमध्ये (दोन संघांमधली चेंडूच्या लांबीइतकी जागा) आला आणि त्याच्या बरोबर समोरचा लाइनमन त्यामुळे लगेच दचकला, तर एनएफएलमध्ये फ्लॅग बचावावर. बचाववाला आपल्याच बाजूला उसळला, झोनमध्ये आलाच नाही, आणि गार्ड दचकला, तर फ्लॅग गार्डवर. म्हणून दचकलेला लाइनमन पहिलं काम काय करतो, समोरच्याकडे बोट दाखवतो. हात तर उचललाच आहे, आता दुसऱ्याचा गुन्हा आधी होता हे पंचाच्या नजरेला आणून द्यायचं.

पट्टेरी_शर्ट:

तिरक्या पळण्याबद्दल राहिलं होतं.

टीव्हीचा मुख्य कॅमेरा मैदानाच्या मधोमध, उंचावर असतो. चेंडू ५० यार्डांच्या रेषेजवळ असेल तर तुम्ही स्क्रिमेजच्या रेषेवरून सरळ बघत असता, दिसतं ते बरोबर. चेंडू २० च्या रेषेजवळ गेला की कोन तिरपा होतो आणि सरळ पळणाराही पुढे किंवा मागे झुकल्यासारखा दिसतो. म्हणून खेळाडूकडे बघू नका, त्याच्या पायाखालच्या रंगवलेल्या रेषा बघा. मैदानावर दर ५ यार्डांना आडवी रेषा आणि मधे दर यार्डाला छोट्या खुणा असतात. चेंडू जमिनीवरून सुटतो ती चौकट थांबवा, तिच्या आधीच्या तीन-चार चौकटी मागे जा, आणि त्या खुणांच्या हिशेबाने पाऊल पुढे पडलं का ते पाहा. शंभरदा पाहिलंत तर बऱ्याचदा असं दिसेल की तो वळतो ते स्नॅपनंतर, पण वळायची तयारी आधी सुरू असल्याने आपल्याला आधी वाटतं.

पंच खांदे आणि कंबर बघतात. खांदे बाजूच्या रेषेकडे असताना पुढे जाता येत नाही. खांदे गोललाइनकडे वळले आणि चेंडू अजून जमिनीवर आहे, तर रुमाल. हायस्कूलच्या पंचांत साधारण वाटणी अशी असते की गडी ज्या कडेच्या पंचापासून दूर पळतोय, त्याची जबाबदारी त्या पंचावर. आपल्याकडे येणाऱ्याचा खांदा कळत नाही, दूर जाणाऱ्याचा कळतो.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. कॅन्सस सिटीचे रिसीव्हर कडेरियस टोनी यांचा १० डिसेंबर २०२३ च्या बफेलोविरुद्धच्या सामन्यातला फ्लॅग बरेच जण मोशनच्या खात्यात टाकतात. टोनी तिथे हलले नव्हते. ते उभेच चुकीच्या जागी होते, न्यूट्रल झोनमध्ये, म्हणजे ऑफेन्सचा ऑफसाइड. चेंडूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची जागा म्हणजे न्यूट्रल झोन, जेमतेम ११ इंच. त्यांचे सहकारी ट्रॅव्हिस केल्सी यांनी मागे फेकलेल्या चेंडूवर टोनी यांनी टचडाउन केला होता, तो गेला, आणि बफेलो २०-१७ ने जिंकलं. रिसीव्हर रेषेवर येताना कडेच्या पंचाकडे बघून हात दाखवतात ते यासाठीच: ‘मी रेषेवर आहे, बरोबर?’ किंवा ‘मी मागे आहे’.

मेश_मास्तर:

मोशनच्या फ्लॅगमागे खेळाडूच्या घाईपेक्षा आखणीतली चूक जास्त असते. जेट मोशनचं उदाहरण घ्या, कारण हायस्कूलमध्ये सगळ्यात जास्त फ्लॅग त्यालाच.

क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये रेषेपासून साधारण ५ यार्ड मागे. मोशनवाल्याने त्याच्या पुढून, पोटाजवळून जायचं आणि तिथेच चेंडू घ्यायचा. म्हणजे भेट होते ती रेषेपासून साधारण ४ यार्डांवर. मोशनवाला रेषेपासून १ ते दीड यार्ड मागे उभा असेल तर त्याची वाट सतत खोल होत जाते, हालचाल मागे, नियमात. पण त्याला ‘जरा वेग घेऊन ये’ म्हणून ५-६ यार्ड मागे उभं केलं की भेटीच्या जागेपर्यंत येताना तो पुढे सरकतो. स्नॅप नेमका तेव्हाच होतो. दर वेळी फ्लॅग, आणि कोच खेळाडूवर ओरडतो.

दुसरी चूक वेळेची. क्वार्टरबॅक टाच उचलून मोशन सोडतो. शॉटगनचा स्नॅप हातात यायला अर्धा सेकंद तरी जातो, म्हणून चेंडू सुटायला हवा तेव्हा मोशनवाला जवळच्या टॅकलच्या बाहेरच्या पायाशी असावा. क्वार्टरबॅकने उशीर केला की मोशनवाला भेटीची जागा ओलांडून जातो. पुढे मोकळी जागा दिसते, पाय आपोआप वर वळतात, चेंडू मात्र अजून सेंटरच्या हाताखाली. यावर उपाय म्हणजे त्याला एकच गोष्ट पक्की करून ठेवायची: चेंडू मिळाला नाही तर सरळ पळत पलीकडच्या कडेपर्यंत जायचं, वळायचं नाही. सरावात मैदानावरच्या एका यार्ड-रेषेवर चेंडू ठेवा, तिच्या मागे दीड आणि चार यार्डांवर दोन दोऱ्या किंवा चुन्याच्या रेघा मारा आणि मोशनवाल्याला दीडवरून चारवर उतरत जायला लावा. बाजूने फोनवर चित्रण करा, रेषेच्या टोकाशी उभं राहून. मागून केलेलं चित्रण इथे कामाचं नाही.

छोटं, झपाट्याचं बाहेरचं मोशन, जे मायामीचे रिसीव्हर टायरिक हिल यांच्यामुळे २०२३ मध्ये सगळीकडे पसरलं, त्यात गडी बॉलकडे नाही तर कडेकडे दोन-चार पावलं फुटतो आणि त्या वेगात स्नॅपला सुटतो. समोरच्याला धक्का मारून अडवायची संधी मिळत नाही. पूर्ण कायदेशीर, पण धोका शेवटच्या पावलात: बाहेरचा पाय रोवला की कंबर पुढे फिरते. तो रोवण्याचा क्षण स्नॅपनंतर आला पाहिजे. सेंटरला चेंडू द्यायला अंमळ उशीर झाला तरी फ्लॅग पडतो, म्हणून ज्यांचा सेंटर तालात पक्का नाही त्यांनी याच्या नादी लागू नये.

उलटं फिरणारं मोशन आठवा. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) कॅन्सस सिटीने चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टचडाउन जवळपास एकाच युक्तीवर केले, एक टोनी यांचा, एक स्काय मूर यांचा. रिसीव्हर जेटसारखा आत निघतो, बचाव त्याच्याबरोबर धावायला लागतो, आणि तो पाय रोवून आला तसा बाहेर पळतो. एकच गडी हलतोय, दिशा बदलली तरी मोशन एकच राहतं, थांबायची सक्ती नाही. समोरच्या फिलाडेल्फियाचा कॉर्नर (रिसीव्हरला राखणारा) मात्र आत गेलेला.

रेषेवरचा_सातवा:

फॉर्मेशनबद्दल कुणी लिहिलं नाही, पण मोशनने जे बिघडतं त्यात हे मोठं आहे.

एनएफएलमध्ये रेषेवर किमान सात हवेत. रेषेवर म्हणजे हेल्मेट निदान सेंटरच्या कमरपट्ट्याच्या पातळीपर्यंत पुढे. आता टोकाचा टाइट एंड मोशनसाठी मागे आला तर रेषेवर सहाच उरतात, आणि त्या बाजूचा बाहेरचा रिसीव्हर एक पाऊल पुढे येऊन सातवा व्हायला हवा. तो विसरला की इल्लीगल फॉर्मेशन. उलट, टाइट एंड जागेवरच असताना बाहेरचा रिसीव्हर रेषेवर आला तर टाइट एंड ‘झाकला’ जातो, म्हणजे त्याला पास पकडता येत नाही. खेळी धावण्याची असेल तर काही बिघडत नाही. पासची असेल आणि तो सवयीने पुढे पळाला तर ‘इनएलिजिबल डाउनफील्ड’ (पास घेता न येणारा गडी पुढे गेला). एनएफएलमध्ये १ यार्डाची सूट, कॉलेजात ३.

टॅकल मागे मागे सरकून उभे राहतात, हा दुसरा प्रकार. २०२३ च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीचे टॅकल जवान टेलर यावरून चर्चेत आले, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्यात बॉल्टिमोरचे रॉनी स्टॅनली यांच्यावर एकाहून जास्त वेळा फ्लॅग पडले. आणि ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमधली फिलाडेल्फियाची ती क्वार्टरबॅकलाच पास देणारी खेळी? बाहेरचे अल्शॉन जेफ्री रेषेपासून चांगलेच मागे दिसतात. कडेच्या पंचाने चालवून घेतलं. माझ्या मते तो फ्लॅग होता, पण हे लिहिलं की फिलाडेल्फियावाले अंगावर येतात, तेव्हा असो.

संख्येचा नियम मात्र सगळीकडे सारखा नाही. कॉलेजात ‘मागे चारपेक्षा जास्त नकोत’ असं लिहिलंय. मैदानात दहाच जण आले तर रेषेवर सहा चालतात. हायस्कूलमध्ये २०१९ पासून तसंच: रेषेवर किमान पाच, मागे जास्तीत जास्त चार. एनएफएलमध्ये दहा जण असले तरी सात पाहिजेतच.

शुक्रवार_रात्र:

हायस्कूलबद्दल नेमकं. बहुतेक राज्यं राष्ट्रीय महासंघाचे नियम वापरतात. टेक्सास कॉलेजचे वापरतं, तेव्हा आधी राज्य बघा.

पहिला फरक शिफ्टच्या व्याख्येत. वर पट्टेरी_शर्ट यांनी लिहिलेलं ‘दोन किंवा जास्त’ हे एनएफएलचं. हायस्कूलमध्ये एकट्याने जागा बदलून नव्या जागी पवित्रा घेतला तरी तो शिफ्टच. म्हणजे मोशनवाला नव्या जागी पोचून थांबला की सगळ्यांना सेकंदभर थांबावं लागतं. पळता पळता स्नॅप घेतला तर सेकंदाचा प्रश्न येत नाही. नेमकं थांबल्यावर अर्ध्या सेकंदात स्नॅप करणारे संघ इथे अडकतात, कारण रविवारी टीव्हीवर एनएफएलमध्ये ते चालताना बघितलेलं असतं.

दुसरा, रेषेवरून निघणाऱ्याचा. रेषेवरच्या गड्याला मोशनमध्ये जायचं असेल तर हायस्कूलमध्ये दोन वाटा: मागे येऊन बॅक म्हणून पूर्ण सेकंद थांबायचं आणि मग निघायचं, नाहीतर स्नॅपला रेषेपासून किमान ५ यार्ड मागे असायचं. पहिली वाट तिन्ही स्तरांवर सुरक्षित आहे, तीच शिकवावी.

तिसरा, न्यूट्रल झोन. हायस्कूलमध्ये कुणीही झोनमध्ये शिरला की ताबडतोब शिट्टी, दोन्ही संघांना सारखंच. ‘समोरचा दचकला का’ वगैरे बघत बसत नाहीत.

वाफल_नाही_वॅगल:

कॅनडाचे सामने लागले तर हे सगळं विसरा. तिथे मागचे रिसीव्हर स्नॅपच्या आधी कुठल्याही दिशेला, चक्क रेषेकडे धावत येऊ शकतात, आणि एकाच वेळी अनेक जण. फक्त चेंडू सुटेपर्यंत रेषा ओलांडायची नाही. याला वॅगल म्हणतात. बचाव चेंडूपासून १ यार्ड दूर उभा असतो म्हणून ते जमतं. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये ऑलिम्पिकमध्ये येणाऱ्या पाच-पाच जणांच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये मात्र अमेरिकन पद्धतच: स्नॅपला एकच जण, समांतर किंवा मागे.

डावा_स्लॉट:

खूपच उलगडलं, आभार. एक उपप्रश्न: क्वार्टरबॅक शॉटगनमधून चार पावलं पुढे येतो, टॅकलला काहीतरी ओरडून सांगतो, पुन्हा मागे जातो. तेवढ्यात एखादा रिसीव्हर मोशनमध्ये निघाला तर तेही शिफ्टच का?

पट्टेरी_शर्ट:

हो, तेही शिफ्ट. नियमाला क्वार्टरबॅकही अकरातला एकच. तो एकटा पुढे आला, मागे गेला, थांबला, तोवर बाकी सगळे स्तब्ध, तर अडचण नाही. त्याच्या चालण्यात झटका नसतो म्हणून फॉल्स स्टार्टही नाही. पण तो चालत असताना रिसीव्हर निघाला की दोघे एकदम हलले, आणि मग सगळ्यांना सेकंदभर थांबावं लागणार. म्हणून नीट बघा, अनुभवी क्वार्टरबॅक पुढे यायच्या आधी दोन्ही तळवे रिसीव्हरांकडे दाखवतो, ‘थांबा’ म्हणून. परत जागेवर गेला, पाय रोवले, की मग टाच उचलतो. या सगळ्यात खेळी सुरू करायच्या ४० सेकंदांच्या घड्याळातले बरेच जातात. शिफ्ट आणि मोशन दोन्ही करायचं असेल तर निदान १५ सेकंद शिल्लक असताना रेषेवर पोचावं. नाहीतर तो थांबायचा एक सेकंद वाचवायला जातात आणि फ्लॅग पडतो, किंवा तो पाळायला जातात आणि डिले ऑफ गेम (वेळेत खेळी सुरू न करणं). ५ यार्ड दोन्हीकडे जातात.